प्रस्थानाचं गाठोडं

१

वसईजवळच्या गिरीजहून निघायचं, दोन विमानं बदलायची, पृथ्वीच्या पार पाठीमागच्या एका बेटावर उतरायचं आणि तिथे बघायचं काय, तर नारळ, केळी, एक पडका किल्ला आणि समुद्र. फिरण्याचा कार्यक्रम वाचून विद्याधरराव आधी हसले आणि मग नुसत्या कल्पनेनेच दमले. हे सगळं त्यांच्या घरापासून सायकलच्या अंतरावर होतं. केळी तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत शिरायला बघत होत्या.

पण प्रश्न बेटाचा नव्हताच, नीलेशचा होता. त्यांचा एकुलता एक मुलगा नीलेश एका मोठ्या प्रवासी बोटीवर स्वयंपाकी होता. एक करार संपला की दुसरा, दुसरा संपायच्या आत तिसरा, असं करता करता तो घरी येऊन वर्षं लोटली होती. फोनवर दिसायचा, पण फोनवरचं पोरगं म्हणजे काचेच्या कपाटातलं जेवण, असं त्याची आई अनसूयाबाई म्हणायच्या. त्याची बोट त्या बेटावर एका दुपारी लागणार होती आणि संध्याकाळी सुटणार होती. मधे त्याला थोडी सुट्टी मिळणार होती. विमान, हॉटेल, बेटावर फिरवणारी गाडी, सगळं त्याने बसल्या जागी ठरवून टाकलं. सकाळी बेट बघा, दुपारी धक्क्यावर या, एक दुपार तरी भेटू, असं त्याने कळवलं. एका दुपारसाठी अर्धी पृथ्वी पालथी घालायची हे विद्याधररावांना पटेना. अनसूयाबाईंनी मात्र उन्हात वाळवायच्या सुकेळ्यांसाठी राजेळी केळी बघायला सुरुवातसुद्धा केली होती.

निघायचा दिवस नेमका अमावास्येचा निघाला. विद्याधररावांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात, लाइनीवरचे फॉल्ट शोधण्यात गेलेली. घंटी वाजत नसेल तर कुठेतरी तार तुटलेली असते, ती सापडते, जोडली की घंटी वाजते. यापलीकडे जगात काही आहे असं त्यांना वाटत नसे. विमान अमावास्येलाही उडतं, ते म्हणाले. अनसूयाबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी सासूबाईंच्या वेळची वाट धरली आणि प्रस्थान ठेवलं. म्हणजे चांगला दिवस बघून, चांगल्या वेळेला, प्रवासाला निघणाऱ्यांच्या नावाने एक गाठोडं वाटेवरच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरायचं. मग प्रत्यक्ष निघताना ते उचलायचं, मागे वळून न बघता पुढे जायचं, की वाईट दिवसाचा दोष लागत नाही.

विद्याधररावांचा एक जुना पंचा त्यांनी घेतला. त्याचा एक कोपरा फाटला होता, तो त्यांनी निळ्या दोऱ्याने रफू केला होता. त्यात आपला एक खण ठेवला, मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड ठेवलं, आणि गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या रखमाबाईंकडे नेऊन दिलं. रखमाबाईंची भाजीची वाडी यांच्या वाडीला लागूनच होती आणि मैत्री वाडीपेक्षा जुनी. घराची जास्तीची किल्लीही त्यांच्याकडेच असायची.

निघायच्या सकाळी गल्लीत नव्या इमारतीच्या विटांचा ट्रक आडवा लागला. भाड्याच्या गाडीवाल्याने कुरकुर केली आणि गाडी मागच्या रस्त्याने काढली. गाडी हायवेला लागल्यावर अनसूयाबाईंचा हात एकदम छातीशी गेला.

“अहो, प्रस्थान राहिलं,” त्या म्हणाल्या. “रखमाकडे राहिलं.”

वळायचं म्हणजे सगळी गर्दी पुन्हा पार करायची. विद्याधररावांचं अंग आत्ताच आंबून गेलं होतं.

“गाठोडं काय पळून जातंय?” ते म्हणाले. “आल्यावर घेऊ.”

अनसूयाबाई काही बोलल्या नाहीत. त्यांच्या न बोलण्याला होकार समजायची विद्याधररावांना लग्नापासूनची सवय होती.

२

हॉटेलात पोचले तेव्हा दोघांचे पाय सुजून बुटातून वर आले होते. काउंटरवरच्या मुलीने त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसू हसलं आणि, परत आलात, फिरून झालं का, असं विचारलं. पासपोर्ट मागितला नाही की फॉर्म भरायला लावला नाही. आणखी एक किल्ली हवी ना, म्हणून किल्ली पुढे केली. विद्याधररावांना बरंच वाटलं. हॉटेलवाले सगळ्यांशीच असं गोड बोलत असणार. रांग टळली, हे काय कमी झालं?

खोली वरच्या मजल्यावर होती. खिडकीतून समुद्र दिसत होता, पंखा हळू फिरत होता. पलंगाच्या एका कडेला चादर दबलेली होती, आत्ताच कुणी टेकून उठलं असावं तशी. विद्याधरराव हातपाय धुवायला गेले. साबण ओला होता. एवढंच असतं तर त्यांनी लक्ष दिलं नसतं. पण नव्या वडीच्या पाठीवर जुन्या साबणाची झिजलेली कातळी नीट दाबून चिकटवलेली होती. घरी ते अगदी असंच करत. यावरून अनसूयाबाई त्यांना चिक्कू म्हणत.

ते बाहेर आले तर अनसूयाबाई टेबलापाशी उभ्या होत्या. टेबलावर चहाचा एक कप होता आणि त्यावर बशी पालथी घातली होती. त्यांनी बशी उचलली. तळाशी घोटभर चहा होता.

“कोमट आहे,” त्या म्हणाल्या.

विद्याधररावांनी खाली फोन लावला. खोली तुमच्या आधी कुणालाही दिलेली नाही, असं उत्तर आलं. साफसफाईवाल्यांचा आळशीपणा, दुसरं काय, असं ते म्हणाले. चहा पिऊन कपावर बशी झाकणारी बाई जगात एकटी अनसूयाच आहे की काय? इथेही माश्या असतील. साबणाची कातळी चिकटवणारा काटकसरी माणूसही इथे असेल. त्यांनी ही कारणं बायकोला ऐकवली आणि मग आडवे झाले. पलंगाची दबलेली बाजू त्यांचीच होती, भिंतीकडची. त्यांनी अनसूयाबाईंना तिकडे सरकायला सांगितलं आणि पंख्याकडे बघत पडून राहिले.

३

सकाळी जेसन गाडी घेऊन आला. हा बेटावर फिरवणारा ड्रायव्हर. अंगाने आडवा, बोलायला मऊ, प्रत्येक वळणावर आधी हॉर्न देणारा. बेट गोल आहे, त्याने सांगितलं. काठाकाठाने एकच रस्ता. इथून निघायचं, एकेक ठिकाण बघत फेरी घालायची आणि दुपारी बंदरावर उतरायचं. विद्याधररावांच्या खात्यातल्या इंग्रजीला एवढं सहज झेपलं.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच केळी होत्या. घडांना निळ्या पिशव्या बांधलेल्या. एवढा पैसा खर्च करून आपण शेवटी गिरीजलाच आलो की, असं विद्याधरराव म्हणाले आणि अनसूयाबाई प्रवासात पहिल्यांदा हसल्या. त्यांच्या मांडीवर पर्स होती आणि पर्समध्ये केळीच्या वाळक्या सोपटात बांधलेली सुकेळी होती. बोलता बोलता त्या मधेच पर्सवर हात ठेवून बघत.

एका वळणावर नारळवाला होता. जेसनने गाडी थांबवली. हे दोघं उतरायच्या आतच नारळवाल्याने दोन नारळ तासले. एक नुसत्या पाण्याचा विद्याधररावांच्या हातात दिला. दुसरा फोडून, करवंटीचाच चमचा करून, मलईसकट अनसूयाबाईंपुढे धरला. नळी दिली नाही. अनसूयाबाईंना नळीने पाणी पिता येत नाही, ठसका लागतो.

विद्याधररावांनी विचारलं, तुला कसं कळलं?

“मघाशी तुम्हीच सांगितलंत,” नारळवाला हसून म्हणाला. “साहेबांना मलई नको, मॅडमना नळी नको.”

आपल्यापुढे कुणी भारतीय जोडपं फिरतंय, विद्याधररावांनी निष्कर्ष काढला. या लोकांना आपण सगळे सारखेच दिसणार. आपल्याला नाही का गोरे सगळे एका साच्यातले वाटत? जेसनला विचारलं तर तो म्हणाला, पुढे कुणाची गाडी नाही. रस्ता एकच आहे, असती तर मला दिसली असती. अनसूयाबाईंनी नारळ अर्धाच खाऊन ठेवून दिला.

पुढे धबधबा होता. तिथला माणूस, पुन्हा भिजायला आलात का, असं म्हणाला. कोकोच्या बागेतल्या बाईने, मघाशी दाखवलं ना सगळं, म्हणून दार अर्धवटच उघडलं. विद्याधरराव चिडायला हवे होते, पण त्यांना चिडण्याइतकाही जोर वाटेना. पंगत उठल्यावर जेवायला पोचावं तसं प्रत्येक ठिकाणी होत होतं. सगळं तिथेच असायचं, पण उष्टं.

मग किल्ला आला. समुद्राकडे तोंड केलेल्या तोफा, भिंतीतून उगवलेली झाडं. आपल्या वसईच्या किल्ल्यापुढे हा काहीच नाही, असं विद्याधरराव म्हणत होते तेवढ्यात दारावरचा पहारेकरी लगबगीने आला. तुमचं हे तटावर राहिलं, असं म्हणत त्याने एक घडी केलेलं कापड त्यांच्या हातात ठेवलं.

पंचा होता. मधोमध हळदीचा पिवळा डाग होता. एका कोपऱ्यावर निळ्या दोऱ्याचं रफू होतं.

अनसूयाबाईंनी तो कोपरा बोटाने चाचपला. आपला टाका त्यांनी ओळखला. मग त्या तिथेच, तोफेच्या दगडी ओट्यावर, हळूच बसल्या.

४

गिरीजला तेव्हा रात्रीची जेवणं आटोपली असतील. अनसूयाबाईंनी रखमाबाईंना फोन लावला आणि आवाज मोठा केला. प्रस्थान उचलायचं राहून गेलं, गाठोडं आहे ना गं तुझ्याकडे, असं त्यांनी विचारलं.

“अगो, राहिलं कुठं? नेलंस की तू,” रखमाबाई म्हणाल्या. “उजाडलं बी नव्हतं. तू आनि भाऊ दोघं आलात. मी दिलं.”

“मी आले होते?”

“मंग कोन? बोललात न्हाई, मी बी बोलले न्हाई. प्रस्थान उचलताना बोलू नये. मागं न बघता वाडीतनंच चालत गेलात, समुद्राकडं. मी म्हटलं, गाडी तिकडं उभी असंल.”

ती वेळ विद्याधररावांना पक्की आठवत होती. तेव्हा ते घरात बॅगांचे पट्टे आवळत होते आणि अनसूयाबाई देवापुढे उभ्या होत्या. रखमाबाईंचं वय झालं, ते मनाशी म्हणाले. डोळ्यांत मोतीबिंदू आहे. कुणीतरी आलं असेल. खात्यात असताना क्रॉस कनेक्शन लागायचं, एकाच्या तारेवर दुसऱ्याचं बोलणं ऐकू यायचं, तसं काहीतरी कुठेतरी झालं असेल. पण तार सापडत नव्हती, आणि पंचा मांडीवर होता. त्यांनी तो हुंगला. त्याला घरच्या कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास होता, आणि घामाचा. घामाचा वास त्यांचा स्वतःचा होता.

अनसूयाबाईंच्या डोक्यात पंचा नव्हता, रखमाबाई नव्हत्या, नुसता नीलेश होता.

“अहो,” त्या म्हणाल्या, “ते पुढे आहेत. ते आपल्याआधी धक्क्यावर पोचतील.”

विद्याधररावांना भीती वाटली ती तेव्हा. इतका वेळ नुसता त्रास होता.

५

आता काही बघायचं नाही, सरळ बंदर, असं त्यांनी जेसनला सांगितलं. आणि मग त्यांना एक युक्ती सुचली. बेट गोल आहे. पुढचे जर पुढे असतील तर त्यांच्या मागे धावून उपयोग नाही. उलटं फिरायचं. आल्या वाटेने माघारी गेलं तरी बंदर लागतंच, आणि वाटेत थांबलं नाही तर लवकर लागेल. स्वतःच्या अकलेचं त्यांना क्षणभर कौतुक वाटलं. जेसनने खांदे उडवले आणि गाडी वळवली.

कोकोची बाग गेली. धबधबा गेला. निळ्या पिशव्यांच्या केळी उलट्या क्रमाने गेल्या. अनसूयाबाई पर्स छातीशी धरून पुढच्या काचेतून रस्त्याकडे बघत होत्या. रस्त्यावर कुणी नव्हतं. विद्याधररावांना वाटायला लागलं की जमलं.

नारळवाल्याच्या वळणावर जेसनने सवयीने वेग कमी केला. नारळवाला फळीवरचे दोन रिकामे नारळ उचलत होता. एक नुसता प्यायलेला. दुसऱ्यातली मलई खरवडून खाल्लेली, आणि आत करवंटीचा चमचा. त्याने मान वर केली, यांना बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जरा मागेपुढे झालं. त्याने बंदराच्या दिशेने हात केला.

“आत्ता तर तिकडे गेलात,” तो म्हणाला.

जेसनने पुढे एकाही वळणावर हॉर्न दिला नाही.

बंदराच्या फाटकाशी पोचले तेव्हा ऊन कललं होतं. पलीकडे बोट उभी होती, घराकडच्या बोळिंजमधल्या एखाद्या मोठ्या हाउसिंग कॉम्प्लेक्सएवढी उंच आणि पांढरी. फाटकाजवळच्या बाकांवर कुणी नव्हतं. एका बाकाखाली केळीच्या सोपटाची सुटलेली दोरी पडली होती.

विद्याधररावांनी नीलेशला फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

“बाबा, पोचलात हॉटेलवर?” नीलेश म्हणाला. “इतक्यात?”

आम्ही फाटकाशी आहोत, तू खाली ये, विद्याधरराव म्हणाले. नीलेशला कळेना. पाचाची ड्युटी लागली होती, आता त्याला कुणी खाली सोडणार नव्हतं. काही विसरलात का, असं तो विचारत होता. अनसूयाबाईंनी हात पुढे करून फोन घेतला.

“आई, रडतेयस का?” नीलेश म्हणाला. “आत्ता तर तासभर तुझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलो होतो. लोक बघत होते. सुकेळी सगळ्यांना वाटली मी, एक नाही उरलं.”

विद्याधररावांनी फोन घ्यायला हात केला. सांगायलाच हवं होतं, ती आम्ही नव्हतो म्हणून. अनसूयाबाईंनी मान हलवून नको म्हटलं. त्यांचा दुसरा हात पर्सवर होता, आतल्या न सोडलेल्या सुकेळ्यांवर.

“काही नाही रे,” त्या फोनवर म्हणाल्या. “नुसता आवाज ऐकायचा होता. वेळेवर जेवत जा.”

फोन ठेवून अनसूयाबाई त्याच बाकावर बसल्या. आपण आईला भेटलो असं त्याला वाटतंय, वाटू दे, असं त्या म्हणाल्या. मग कितीतरी वेळाने बोटीने एक लांब भोंगा दिला आणि ती काठापासून सुटली. कुठल्या खिडकीमागे तो आहे हे कळायला मार्ग नव्हता. त्या सगळ्याच खिडक्यांकडे बघत राहिल्या. बाकाची फळी विद्याधररावांना ऊबदार लागली. उन्हाने तापली असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

६

परतीच्या विमानापर्यंतचा वेळ त्यांनी खोलीत काढला. काउंटरवरच्या मुलीने कळवलं की तुमचा हिशेब झालेला आहे, मघाशीच निघालात ना तुम्ही. मग तिने माफी मागितली आणि फोन ठेवला. विद्याधररावांना आता फक्त घर हवं होतं. आपली विहीर, पाट, ओटीवरची आपली वेताची खुर्ची, भिंतीकडची आपली बाजू. लहान मुलासारखं त्यांना घर हवं होतं. अनसूयाबाई त्या दुपारपासून फारशा बोलल्या नव्हत्या. विमानात त्या एकदाच म्हणाल्या, “घरी तरी आधी पोचू या.”

विमान बदलताना मधल्या विमानतळावर त्यांनी पुन्हा रखमाबाईंना फोन केला. आमच्या घराची किल्ली कुणाला देऊ नको, त्या म्हणाल्या. कुणी आलं तरी. आणि त्यांनी पुढचंही सांगितलं, आम्हीच आलो तरी देऊ नको. आमच्याजवळ आमची किल्ली आहे.

“अगो, हेच सांगितलंस ना तू मघा?” रखमाबाई म्हणाल्या. “आत्ता ठेवलास फोन. आमच्यासारखे कोन आले, किल्ली मागितली, तर दार लाव म्हनालीस. किती घाबरली होतीस. काय झालंय तुमाला?”

विद्याधररावांनी हे ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. पुढचे घाबरलेत, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आपण बेटभर ज्यांच्या मागे होतो, त्यांना आपण कोण वाटलो असू? हा विचार त्यांना नको होता. दुसऱ्या विमानाची हाक होईपर्यंत ते आपल्या खिशातली किल्ली बोटांनी फिरवत बसले.

७

गिरीजला उतरले तेव्हा भर दुपार होती. विटांचा ट्रक गेला होता, गल्ली मोकळी होती. रखमाबाई त्यांच्या ओटीवर अळूच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी वर बघितलं. त्यांचे हात थांबले. त्यांनी यांच्याकडे बघितलं, मग गल्लीच्या आत, यांच्या घराकडे बघितलं.

अनसूयाबाईंनी हाक मारली.

“मी ओवाळून टाकलंय,” रखमाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “भाकरतुकडा, पानी, सगळं. ते घरात गेले. आता दुसऱ्यांदा कोनाला ओवाळू?”

त्या उठल्या, आत गेल्या आणि कडी लागल्याचा आवाज आला. जुड्या तशाच राहिल्या.

फाटकाशी माती ओली होती. बाजूला भाकरीचा तुकडा पडला होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. लांबच्या प्रवासाहून आलेल्या माणसावरून ओवाळून टाकलेला तुकडा. वाडीत मोटर चालू होती. पाटातून पाणी केळींच्या मुळांशी जात होतं, विद्याधररावांनी सोडलं असतं तसंच, आधी मागच्या ओळीला. ओटीच्या पायरीशी चपलांचे दोन जोड होते. दाराला कुलूप नव्हतं. दार आतून लावलेलं होतं.

विद्याधररावांनी किल्ली हातात घेतली आणि ती कशाला लावायची ते त्यांना कळेना. वेताची खुर्ची अजून जराशी करकरत होती. आत पंखा फिरत होता. बशीवर कप ठेवल्याचा आवाज झाला. कुणीतरी खाकरलं, आणि ते खाकरणं त्यांनी आपल्या छातीत ओळखलं. त्यांनी दार वाजवायला हात उचलला.

“आले वाटतं ते,” आतून अनसूयाबाईंचा आवाज आला.

“उघडू नकोस.” हा आवाज पुरुषाचा होता, दमलेला. “बेटावर पोचलो तेव्हापासून मागे लागलेत.”

विद्याधररावांचा हात हवेतच राहिला. मी या घराचा मालक आहे, असं ओरडावं असं त्यांच्या मनात आलं. पण आतला माणूसही हेच म्हणेल, आणि याच आवाजात म्हणेल. शिवाय अंगात ओरडण्याचं त्राण नव्हतं. इतका लांबून आलेला माणूस, त्याला आधी टेकायला जागा हवी असते.

तेवढ्यात खिडकीचा पडदा बोटभर सरकला. कडेला बांगड्या दिसल्या, मग अर्धा चेहरा दिसला. एक क्षणच. विद्याधररावांना तो नीट दिसला नाही, पण अनसूयाबाईंना दिसला. त्या चेहऱ्यावर भीती होती खरी. पण त्या भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं आणि ते अनसूयाबाईंनी बघितलं. पोराला पोटभर भेटून आलेल्या आईचा चेहरा होता तो. पडदा पुन्हा मिटला.

अनसूयाबाई पायरी चढल्या. विद्याधररावांना वाटलं, आता ही दारावर डोकं आपटणार, शिव्या देणार. त्या दाराला लागून खाली बसल्या, जमिनीवर, पाय पसरून. पर्समधून सुकेळ्यांचं पुडकं काढून त्यांनी उंबऱ्याशी ठेवलं.

“बाई,” त्या दाराला म्हणाल्या, “मी आत येत नाही. एकच सांग. कसा आहे गं तो?”

आत पंखाच तेवढा फिरत होता. मग दाराच्या पलीकडे, अगदी जवळ, लुगड्याची सळसळ झाली आणि कुणीतरी जड अंगाने खाली बसलं.

“बारीक झालाय,” आतून आवाज आला. “पण हसतो तसाच.”

अनसूयाबाईंनी दाराला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

“आणखी सांग,” त्या म्हणाल्या.